जुन्या मोटारसायकलीला जादा पेट्रोलाची कळ

श्रोतेहो, मोटारसायकल ही खेड्यात आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुधाचे कॅन, खताची गोणी, शाळेला जाणारी पोरे, दवाखान्यात न्यायचा आजारी माणूस, सगळ्यांचा भार ती वाहते. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात हसनाबाद आहे. हसनाबादेहून राजूरला, भोकरदनला किंवा जालन्याला जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिलात, तर नव्या गाड्यांच्या गर्दीतून एखादी जुनी राजदूत, येझ्दी, बुलेट किंवा बजाजची एम-८० अजूनही धूर सोडत जाताना दिसेल. वडिलांनी घेतलेली, मुलाने जपलेली. आज या जुन्या गाड्यांच्या एका दुखण्याविषयी आणि त्यावरच्या एका उपायाविषयी बोलायचे आहे.

दुखणे असे. गाडी किकला सुरू होते, गावातून नीट चालते. पण सपाट रस्त्यावर पूर्ण रेस दिली किंवा चढ लागला, की दम सोडते. इंजिन तापते, कार्बोरेटरमधून मधूनच शिंकल्यासारखा आवाज येतो. गाडीवाला मिस्त्रीकडे जातो आणि म्हणतो, "मिस्त्री, चढाला गाडी ओढीत नाही, अन् तापती बी लई." मिस्त्री सांगतो, "भाऊ, पेट्रोल कमी पडतंय तिला." मग प्रश्न निघतो, की पेट्रोल कमी पडत असेल तर ते हवे तेवढे वाढवता येईल अशी एखादी कळ कार्बोरेटरला बसवता येणार नाही का?

येते. अशा कळी जगात बऱ्याच वर्षांपासून आहेत. शर्यतीच्या गाड्यांना त्या लावतात, जुन्या गाड्यांचे शौकीनही लावतात. परंतु ती कळ काय करते, काय करीत नाही आणि तिचा खरा उपयोग कोणता, हे समजल्याशिवाय ती बसवणे म्हणजे रोग रेड्याला अन् औषध पखालीला असे व्हायचे. म्हणून मुळापासून सुरुवात करू.

कार्बोरेटर काय करतो?

पेट्रोल नुसते जळत नाही, त्याला हवा लागते. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. वजनाचा हा हिशेब मापात मांडला तर आश्चर्य वाटेल. एक लिटर पेट्रोल जाळायला जवळजवळ नऊ ते दहा हजार लिटर हवा लागते. उन्हाळ्यात गावाला पाणी घेऊन येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. तेवढी हवा आणि एक लिटर पेट्रोल, ही जोडी. हवा आणि पेट्रोल यांचे हे प्रमाण सांभाळणे, हेच कार्बोरेटरचे काम.

ते तो कसे करतो? शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. एका पेल्यात रंगीत पाणी घ्या. त्यात एक नळी उभी धरा, तिचे वरचे टोक पाण्याच्या थोडे वर राहू द्या. दुसरी नळी आडवी धरून त्या टोकावरून जोराने फुंका. पाणी उभ्या नळीतून वर चढते आणि बारीक तुषार होऊन उडते. डासांवर मारायचा जुना हातपंप याच तत्त्वावर चालायचा. वेगाने धावणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, आणि पेल्यातल्या पाण्यावरचा बाहेरच्या हवेचा दाब ते पाणी वर ढकलतो. नळीचा मार्ग मध्येच अरुंद केला तर तिथे वेग वाढतो आणि दाब आणखी उतरतो. इटलीचे शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांनी १७९७ साली यावर लिहिले. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्याला आजही त्यांचेच नाव आहे.

आता कार्बोरेटर उघडून पाहू. खाली एक वाटी असते. टाकीतले पेट्रोल तिच्यात उतरते, आणि फ्लोट नावाचा तरंगणारा भाग पातळी ठरावीक उंचीवर आली की येणारा मार्ग बंद करतो. पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक तुम्ही पाहिला असेल, तसाच हा. वाटीच्या वरून हवेचा मार्ग जातो. त्या मार्गात वर-खाली होणारी स्लाइड असते. तुम्ही रेस देता तेव्हा तार ही स्लाइड वर ओढते आणि हवेची वाट मोठी होते. स्लाइडला खाली एक निमुळती सुई लटकलेली असते, आणि ती ज्या नळीत उतरते तिच्या तळाशी मुख्य जेट असतो. जेट म्हणजे काय, तर नेमके भोक पाडलेला पितळी स्क्रू. फवारणी पंपाच्या नोझलसारखाच. नोझलचे भोक झिजले तर औषध जास्त जाते, कचऱ्याने बुजले तर कमी जाते. जेटचेही तसेच.

एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. रेसच्या प्रत्येक टप्प्यावर पेट्रोल मोजणारा भाग वेगळा असतो. गाडी उभ्या जागी संथ चालू असताना संथ जेट आणि त्याचा हवेचा स्क्रू काम करतो. थोडी रेस दिली की स्लाइडच्या कडेचा तिरपा काप महत्त्वाचा ठरतो. साधारण पाव ते पाऊण रेसपर्यंत सुई मोजते. शेवटच्या पाऊण ते पूर्ण रेसपर्यंत कारभार मुख्य जेटच्या हाती असतो. म्हणून दुखणे कोणत्या टप्प्यावर आहे, हे आधी पाहायचे. संथ चालताना गाडी बंद पडत असेल तर मुख्य जेट बदलून उपयोग नाही. ते म्हणजे एका वाफ्याला पाणी हवे असताना दुसऱ्याच वाफ्याचे दारे फोडणे होय.

पेट्रोल आताच का कमी पडू लागले?

जुनी गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जेटचे भोक नीट मापूनच पाडलेले होते. मग आता ते अपुरे का वाटते? कचरा आणि झीज सोडून दिली तरी दोन कारणे उरतात.

पहिले कारण ऋतूचे. मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि पौषातल्या पहाटे दहाच्या आसपास उतरतो. थंड हवा जड असते. बेचाळीस अंशांच्या हवेपेक्षा दहा अंशांची हवा त्याच मापात सुमारे दहा टक्के अधिक वजनाची भरते. कार्बोरेटरची ओढ जड हवेने थोडी वाढते, पण पुरेशी नाही. निम्मी तूट भरून निघते आणि निम्मी राहते. म्हणजे मे महिन्यात दुपारी बरोबर जुळवलेला कार्बोरेटर पौषातल्या पहाटे सुमारे पाच टक्के कमी पेट्रोल देतो.

दुसरे कारण नवे आहे आणि मोठे आहे. आपल्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात आता इथेनॉल मिसळलेले असते. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आपल्या देशात २०२३ साली विक्रीला आले, आणि २०२५ साली देशभरातले सरासरी मिश्रण २० टक्क्यांपर्यंत पोचले. हे इथेनॉल उसाच्या रसापासून व मळीपासून, तसेच तांदूळ व मका यांसारख्या धान्यांपासून होते. शेतातला मका असा फिरून गाडीच्या टाकीत येतो! शेतकऱ्याच्या दृष्टीने यात वाईट काही नाही. इथेनॉलचे गुणही आहेत. ते इंजिनात ठोका होऊ देत नाही, आणि वाफ होताना आत येणारी हवा थंड करते.

पण इथेनॉलच्या अंगात मुळातच प्राणवायू असतो. त्यामुळे एक किलो इथेनॉल जळायला पंधरा नव्हे, सुमारे नऊ किलोच हवा पुरते. २० टक्के मिश्रणाला साडेतेरा किलो लागते. उलट बाजूने पाहिले तर तेवढ्याच हवेसाठी आता सुमारे आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवे. नव्या गाड्यांना याचे काही वाटत नाही. २०२० सालच्या एप्रिलपासून बीएस-सहा नियम लागू झाले, आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. त्यांच्या धुराच्या नळीत प्राणवायू मोजणारा भाग असतो आणि त्याप्रमाणे इंधन आपोआप कमी-जास्त होते. जुन्या कार्बोरेटरला असे डोळे नाहीत. टाकीत काय ओतले आहे, हे त्याला कळत नाही. भोक जेवढे, तेवढेच तो देतो.

आता दोन्ही कारणे एकत्र करा. जुन्या पेट्रोलावर उन्हाळ्यात जुळवलेली गाडी नव्या पेट्रोलावर पौषात चालवली, तर बारा-तेरा टक्क्यांची तूट होते. कारखान्यांनी पूर्ण रेसच्या टप्प्यावर मुद्दाम थोडे जास्त पेट्रोल ठेवलेले असते. साधारण साडेबारा-तेरा किलो हवेला एक किलो. ताकदही तिथेच जास्त मिळते आणि इंजिनही थंड राहते. ही सवड आपण नकळत खर्चून बसतो.

कमी पेट्रोलाचा धोका

काहीजण म्हणतील, "पेट्रोल कमी जातंय, तर चांगलंच आहे की! ॲव्हरेज वाढेल." थोड्या रेसवर, मोकळ्या रस्त्यावर हे काही अंशी खरे आहे. पूर्ण रेसवर, चढावर, दोन माणसे आणि पोते घेऊन जाताना ते खरे नाही. तिथे कमी पेट्रोलाचे मिश्रण सावकाश जळते, आच सिलिंडरमध्ये जास्त वेळ राहते आणि पिस्टनला थंड करणारे जादा पेट्रोलही नसते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हा ताप सोसत नाही.

राजदूत, येझ्दी, एम-८० या दोन-स्ट्रोक गाड्यांत धोका दुप्पट आहे. ज्या गाड्यांत तेल पेट्रोलात मिसळून टाकतात, त्यांच्या पिस्टनला आणि बेअरिंगला तेल पोचते ते पेट्रोलाबरोबरच. पेट्रोल आठ टक्के कमी गेले की तेलही आठ टक्के कमी गेले. ताप वाढला आणि वंगण घटले, दोन्ही एकदम. मग चढावर भर रस्त्यात पिस्टन धरतो, मागचे चाक लॉक होते आणि गाडी फरफटते. ज्याच्या मागे बायको-मूल बसले आहे त्याला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जीव वाचला तरी सिलिंडर बोअर करणे, नवा पिस्टन, नव्या रिंगा असा खर्च येतो. आणि जुन्या गाडीचा पिस्टन आता दुकानात मागितला की मिळतोच असे नाही.

इथे एक गैरसमज सांगितला पाहिजे. काहीजण भीतीने तेलाचे प्रमाण वाढवतात. पण तेल वाढले की तेवढ्या जागेत पेट्रोल कमी बसते. त्याच भोकातून तेल जास्त आणि पेट्रोल कमी जाते, म्हणजे मिश्रण आणखी कोरडे होते. तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रमाणातच टाकावे.

हाताने फिरवायची कळ

पेट्रोलाचे प्रमाण हाताने बदलण्याची कल्पना नवी नाही. मोटारसायकलीच्या सुरुवातीच्या काळात चालकाच्या हातापाशी हवेचा वेगळा दांडा असे. इंग्लंडात १९२७ साली तीन कारखाने एकत्र येऊन ॲमल कंपनी झाली. तिच्या पुष्कळ कार्बोरेटरांत हवेची स्वतंत्र स्लाइड असे. दांड्याने ती खाली केली की हवा अडे आणि मिश्रण दाट होई. अमेरिकेतल्या हार्ली-डेव्हिडसन गाड्यांवर लिंकर्ट कार्बोरेटर असे, त्यात पेट्रोलाची सुईच बाहेरून फिरवता येई. पुढे रस्ते, पेट्रोल आणि जेट हे सगळेच एकसारखे होत गेले, आणि चालकाला हे फिरवत बसण्याची गरज उरली नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत राहिला तो फक्त थंडीत सुरू करण्यापुरता चोक, किंवा वाटीवरचे दाबायचे बटण.

आज आपण जी कळ म्हणतो ती याच कुळातली. तिचे तीन भाग. वाटीतून पेट्रोल घेणारी नळी, मध्ये बारीक सुईची फिरती झडप, आणि हवेच्या तोंडात, स्लाइडच्या अलीकडे, उघडणारी पितळी नळी. ही शेवटची नळी काडेपेटीतल्या काडीएवढी जाड असते. रेस वाढली, हवा जोरात धावू लागली, की नळीच्या तोंडाशी दाब उतरतो आणि पेट्रोल चढून येते. झडप जितकी उघडी, तितके जास्त.

इथे तिची मर्यादाही दिसते. नळी स्लाइडच्या बाहेरच्या बाजूला असल्याने थोड्या रेसवर तिथे ओढ जवळजवळ नसते. म्हणून ही कळ साधारण अर्ध्या रेसच्या पुढेच काम करते. किकला सुरू न होणे, संथ चालताना बंद पडणे, सुरुवातीला अडखळणे, या दुखण्यांवर तिचा काडीचा उपयोग नाही.

बसवण्याआधी पाहायच्या गोष्टी

पेट्रोल कमी पडते असे वाटले, तर ते कुठे अडले आहे हे आधी शोधावे. क्रम असा ठेवा. टाकीचे झाकण सैल करून गाडी चालवून पाहा. सुधारली तर झाकणाचे हवेचे भोक बुजलेले आहे. कॉकची जाळी स्वच्छ करा. इथेनॉल टाकीतला जुना गंज आणि मळ मोकळा करते, आणि तो थेट जेटमध्ये येऊन बसतो. म्हणून जेट काढून फुंकून घ्या. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठे होते. वाटीतली पातळी पाहा. ती खाली असेल तर सगळ्याच टप्प्यांवर पेट्रोल कमी पडते. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधली पॅकिंग फुटली असेल तर तिथून चोरटी हवा शिरते. दोन-स्ट्रोक गाडीत क्रँकचे ऑइल सील गेले तरी तेच होते. या हवेवर कळ बसवणे म्हणजे गळक्या माठात पाणी ओतत राहणे.

एवढे करूनही दुखणे राहिले, तर एक सोपी परीक्षा आहे. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेस असताना चोक किंचित लावा. गाडी अधिक ओढू लागली, तर पेट्रोल खरोखरच कमी पडते आहे. ती दबली आणि धूर आला, तर पेट्रोल पुरेसे आहे. रोग दुसरीकडे आहे.

कळ बसवण्याची रीत

हे काम लेथ आणि बारीक ड्रिल हाताळणाऱ्या जाणत्या मिस्त्रीकडूनच करावे. गाडी उघड्यावर घ्या, कॉक बंद करा, जवळ विडी-काडी नको. कार्बोरेटर पूर्ण काढून टेबलावर ठेवा. वाटीच्या तळाला सोडायचा स्क्रू असेल, तर त्याच्या जागी आटे पाडलेली पितळी नळी बसते. नसेल तर पातळीच्या बऱ्याच खाली भोक पाडावे लागते. भोक पाडताना निघालेला धातूचा कीस एकही कण आत राहता कामा नये.

हवेच्या तोंडातली नळी बसवताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, तिचे तोंड वाटीतल्या पेट्रोलाच्या पातळीपेक्षा वर असावे. ते खाली राहिले, तर गाडी उभी असतानाही पेट्रोल पाझरत राहील आणि आगीचा धोका होईल. बाजूच्या स्टँडवर गाडी कलते, तेव्हाही ते वरच राहते का, हे पाहावे. दुसरी, नळीचे टोक तिरपे कापून तो काप इंजिनाकडे वळवावा. काप हवेच्या दिशेने ठेवला तर वारा नळीत शिरेल आणि पेट्रोल उलटे दाबले जाईल. तिसरी, नळी इतकी पक्की बसवावी की धक्क्यांनी ती सुटणार नाही. सुटलेली नळी आत ओढली जाते.

झडप बारीक सुईचीच हवी आणि तिला घट्ट ठेवणारी स्प्रिंग किंवा नट हवा. आपल्याला वाढवायचे आहे ते जेमतेम आठ-दहा टक्के. साध्या पेट्रोलकॉकने इतके बारीक माप साधत नाही. कुणी जुगाड म्हणून दवाखान्यातल्या सलाइनची नळी आणि तिचे चाक लावायला सांगेल, तर ऐकू नका. ते प्लॅस्टिक पेट्रोलात कडक होऊन तडकते. इथेनॉलाला टिकणाऱ्या रबराची, इंधनासाठीच केलेली नळी घ्या, आणि दोन्ही टोकांना पट्ट्या आवळा.

कळ जुळवणे आणि मग बंद करणे

इंजिन नीट गरम होऊ द्या. झडप पूर्ण बंद ठेवून सुरुवात करा. नवा प्लग घाला, डोक्याला हेल्मेट घाला, आणि रहदारी नसलेला सरळ रस्ता निवडा. वरच्या गिअरमध्ये थोडे अंतर पूर्ण रेस द्या, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी हळूहळू थांबू द्या. प्लग काढून पाहा. आतली चिनीमाती खरपूस भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाची असेल तर ठीक. पांढरीफटक, त्यावर बारीक मणी, म्हणजे पेट्रोल कमी. काळी काजळी म्हणजे जास्त. जुन्या पुस्तकांत प्लगचे रंग दिलेले असतात, ते शिशाच्या पेट्रोलाचे आहेत. आपल्याकडे २००० सालापासून शिसे नाही, आणि आता इथेनॉल आहे. त्यामुळे बरोबर मिश्रणाचा रंगही पूर्वीपेक्षा फिकट दिसतो. नुसत्या रंगावर न जाता गाडीची ओढ आणि इंजिनाचा तापही पाहावा.

झडप पाव-पाव फेरा उघडत हीच परीक्षा पुन्हा करा. एका जागी गाडी सर्वांत चांगली ओढील. तिच्या पुढे गेलात की ओढ मंदावते, आवाज जड होतो, दोन-स्ट्रोक गाडी अडखळत चालते. ती सर्वांत चांगली जागा लिहून ठेवा.

बहुतेकजण इथे थांबतात, पण खरे काम इथून पुढे आहे. कळीने तुम्हाला उत्तर सांगितले आहे. मुख्य जेट किती मोठा हवा, ते आता कळले. तेव्हा झडप बंद करा आणि एक पायरी मोठा जेट घाला. पुन्हा तीच परीक्षा. झडप बंद असताना गाडी तशीच ओढू लागली, आणि झडप किंचित उघडताच बिघडू लागली, म्हणजे जेट बरोबर बसला.

जेट घेताना नंबर नीट समजून घ्या, कारण सगळ्यांचे नंबर एका भाषेत बोलत नाहीत. डेलॉर्टो आणि केहीन जेटवर भोकाची रुंदी मिलीमीटरच्या शंभराव्या भागात लिहितात. ॲमलच्या जेटवर आणि मिकुनीच्या सहाकोनी जेटवर, मिनिटाला किती पेट्रोल वाहते याचे माप असते. आठ टक्के जास्त पेट्रोल हवे असेल, तर वाहत्या मापाच्या २०० नंबरच्या जागी २१० किंवा २२० येईल. रुंदीच्या मापात मात्र १०० च्या जागी १०४ किंवा १०५ पुरे. कारण भोकाचे क्षेत्र रुंदीच्या वर्गाने वाढते. शिक्षकांना वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे याहून जिवंत उदाहरण शोधावे लागणार नाही. इथे १०८ नंबर घातला तर पेट्रोल आठ नव्हे, साडेसोळा टक्के वाढेल!

हा जेट एकदा बसला की कळीचे काम संपले. झडप घट्ट बंद करून ठेवा, किंवा काढून भोक पितळी स्क्रूने बुजवा. ज्याला कोकणातून घाटावर आणि घाटावरून महाबळेश्वरला फिरायचे आहे, त्याने हवे तर ती ठेवावी. परंतु रोजच्या गाडीचा जीव फिरत्या कळीवर सोपवू नये. धक्क्याने ती मिटते, पोर खेळताना फिरवते, आपण विसरतो. झडप पूर्ण बंद असतानाही गाडी पौषाच्या पहाटे सुरक्षित चालली पाहिजे, हा नियम धरावा.

जास्त पेट्रोलाचेही नुकसान आहे, हेही विसरू नका. अति तेथे माती. जादा पेट्रोल चार-स्ट्रोक गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि खालच्या तेलात मिसळून ते पातळ करते. प्लगवर काजळी धरते, खिशाला चाट बसते. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत किंवा गोठ्यात गाडी चालू ठेवून जुळवाजुळव कधीही करू नका. पीयूसीचे प्रमाणपत्र मिळाले म्हणून निर्धास्त राहू नका, कारण ती तपासणी गाडी संथ चालू असताना होते आणि आपली कळ काम करते ती मोठ्या रेसवर.

श्रोतेहो, जुनी गाडी जपणाऱ्याला आज पंपावरचे पेट्रोल निवडता येत नाही, आणि पौषातली थंडीही नाही. पण त्या दोहोंचा हिशेब करून जेटचे भोक मात्र निवडता येते. फिरती कळ ही तराजूसारखी आहे. माप घ्यायला ती वापरावी. माप झाले की तराजू जागेवर ठेवून धान्य कणगीत भरावे. या हिवाळ्यात चढावर गाडी दम टाकू लागली, तर रेस वाढवू नका. ती कमी करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन निवू द्या, आणि दुसऱ्या दिवशी जेट, जाळी आणि पॅकिंग या क्रमाने मिस्त्रीकडून पाहून घ्या.